बाद औषधाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनं औषध आहे, पण मला कुणी पिऊ नका, कुणाला टोचूही नका. माझ्या बाटलीवर तसं स्पष्ट छापलेलं आहे. माणसाला देण्यासाठी नाही! आता ज्या औषधाला माणसापासून लांब ठेवावं लागतं, त्याच्याकडे कोण सरळ नजरेनं बघणार? तुमच्याही भुवया वर गेल्याच असतील. जाऊ द्या. माझा सगळा जन्म लोकांच्या संशयात गेला आणि त्या संगतीनं मीही संशयी झालो.

माझं नाव रिस्टोसेटिन. सोलापुरात ज्याच्या हाताखाली मी आहे, तो शरणबसव अक्कलकोटच्या बाजूचा. अर्धं बोलणं मराठी, अर्धं कानडी. त्याला माझं नाव फार लांबडं वाटलं, म्हणून त्यानं मला 'रिस्टप्पा' करून टाकलं. परदेशी माणसाला गावानं पटका बांधावा तसं.

जन्म माझा फार दूरचा. तांबड्या खडकांच्या एका मुलखात, मातीत, डोळ्यांना न दिसणारा एक जीव राहत होता. त्याच्या पोटी मी आलो. सत्तर वर्षांमागं मला बाटलीत भरलं आणि दवाखान्यात धाडलं. त्या काळी मी रोगजंतूंशी झुंजत होतो. ज्या तापापुढं इतर औषधांनी हात टेकले, तिथं मला बोलावणं यायचं. आया माझ्या बाटलीला हात जोडायच्या. कौतुकाचे दिवस होते ते, चैत्रातल्या पालवीसारखे. टिकले मात्र पालवीइतकेच.

झालं असं, की काही रोग्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट कमी होऊ लागल्या. प्लेटलेट तुम्हाला माहीत आहेत. डेंगीची साथ आली की घरोघरी त्यांचीच चर्चा असते. कुठं खरचटलं, कापलं, की हे इवले कण धावत येतात आणि भोकाला बूच लावतात. माझ्या स्पर्शानं मात्र ते जखम नसतानाच एकमेकांना मिठ्या मारायचे, गुठळ्या करायचे. डॉक्टरांनी आधी दुसऱ्या कशाकशावर संशय घेतला, मग माझ्यावर. संशय खरा होता. मला बाजारातून उठवलं.

पुढं कितीतरी वर्षं मला कुणी विचारलं नाही. मग कुणा शहाण्याच्या मनात आलं, की हे औषध धडधाकट रक्तात गुठळी करतं, तर ज्यांचं रक्त थांबतच नाही त्यांच्या रक्तात काय करेल? बघितलं, तर काहींच्या रक्तात मी काहीच करत नव्हतो! तेव्हा उलगडलं. रक्तात एक चिकट दोरा असतो. प्लेटलेटना जखमेशी बांधून ठेवणं हे त्याचं काम. मी त्या दोऱ्याला हाक मारतो. दोरा असेल तर गुठळी होते. दोराच नसेल, किंवा विरलेला असेल, तर मी ओरडून मेलो तरी कण कणाला धरत नाही. अशी माझी खोडच माझी नोकरी झाली. आता मी कुणाला बरं करत नाही. मी फक्त साक्ष देतो.

आमची लॅब एका बोळात आहे. शेजारी मागांची खटखट चालू असते. तिथं धागा तुटला की माग थांबवून सांधतात. रक्ताचं तसं नसतं. सांधणारा दोराच कमी असला तर दात पाडला तरी दोन दिवस थुंकीत लाली येत राहते.

नेमकं असंच एका मुलीचं झालं होतं. ज्ञानदा तिचं नाव, वय दहा, मंगळवेढ्याची.

ऐन वैशाखातली गोष्ट. सोलापूर तव्यावर ठेवल्यासारखं तापलं होतं. लीला नावाची एक बाई थर्माकोलचा डबा पोटाशी धरून एसटीनं आली. डबा टेबलावर ठेवला तसा मासळीचा वास सुटला. शरणबसवनं झाकण काढलं. आत चुरलेला बर्फ आणि बर्फात गळ्यापर्यंत रुतलेली, निळ्या टोपणाची रक्ताची नळी.

"हे काय, बाई?"

"रक्त हाय. ज्ञानदाचं. आमच्या डॉक्टरांनी दिलंय, ह्या चिठ्ठीसंगं."

"ते दिसतंय मला. बर्फात कुणी घातलं?"

"मीच की. एवढ्या उन्हात नासलं असतं. माझं माहेर उजनीच्या काठाचं. आमच्यात मासळी अशीच नेत्यात भिगवणला. संध्याकाळपतुर डोळाबी पांढरा पडत न्हाय तिचा."

शरणबसवनं कपाळाला हात लावला. "रक्त म्हंजे मासळी न्हाय, बाई! गारठ्यानं ह्यातलं जे बघायचं तेच निघून जातंय. आता कमी दिसलं तर ते पोरीत कमी हाय का बर्फानं कमी केलं, मी कसं सांगू?"

"डॉक्टर म्हणाले, जपून न्या..."

"जपलंस. लई जपलंस. आता पोरीलाच घेऊन ये."

लीलाच्या मागं दारात एक म्हातारी उभी होती. उंच, कोरडी, कपाळावर गोंदण. ती बजाबाई, नातेपुत्याची, ज्ञानदाच्या मेलेल्या आईची आई. जावयाच्या या दुसऱ्या बायकोवर नजर ठेवायला ती मुद्दाम बरोबर आली होती. ती पुढं झाली.

"चुकून न्हाय घातलं हिनं. मुद्दाम घातलं. रक्त चांगलं निघालं तर हिचं बिंग फुटतंय न्हवं!"

"आत्या, असं बोलू नका," लीला म्हणाली.

"का बोलू नको? पोरीच्या मांडीवर, दंडावर निळे डाग. येक फिकट झाला की दुसरा तयार. कुठनं येत्यात? रानातनं उगवत्यात?" मग ती शरणबसवकडे वळली. "महिपतीनं, जावयानं, मला शब्द दिलाय. तपासणीत काय निघालं न्हाय तर शाळेचा दाखला काढून पोरगी माज्या हवाली करायची. मी नातेपुत्याला नेणार तिला. ह्या बाईचं नख दिसू देणार न्हाय."

लीलानं मान खाली घालून डब्यातलं पाणी बाहेर ओतलं आणि बराच वेळ तो पुसत राहिली.

खरं सांगतो मित्रांनो, मी शेल्फावरून सगळं ऐकत होतो आणि मलाही बजाबाईचं पटलं. ज्याच्यावर संशय घेतलेला खरा निघाला, त्याला प्रत्येक संशय खराच वाटतो. पुसायला एवढा वेळ लागतो का? नजर का चुकवते ही? निर्दोष माणूस उसळून उठला नसता का? मी मनातल्या मनात निकाल लावून मोकळा झालो. अजून मुलीच्या रक्ताचा थेंब मी बघितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिघी आल्या. ज्ञानदा काडीसारखी पोरगी, पण तोंड अखंड चालू. हे यंत्र कशाचं, तो फ्रिज एवढासा का, तुम्ही कानडीत शिव्या देता का? शरणबसव कधी हसत नाही, पण त्या दिवशी त्याच्या मिशा हलल्या. मग त्यानं तिच्या दंडावरचे डाग बघितले आणि दोघींना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. दोघींची नजर मात्र दारातून आतच होती.

"खरं सांग बाळ. तुला कोण मारतं?"

"कबड्डीत सगळीच मारत्यात की."

"घरात?"

ज्ञानदानं आधी दाराकडे बघितलं, मग पायाकडे. लीलाला ती मावशी म्हणायची. "मावशी वरडती. जेवले न्हाय की लई वरडती. मारत न्हाय."

"शिकवून आणलंय तिला!" बाहेरून बजाबाईचा आवाज आला.

मुलीनं दाराकडे का बघितलं? हे माझ्याही मनात आलंच.

रक्त काढलं. निळ्या टोपणाची नळी, बर्फ नाही, डबा नाही. सुई निघाली आणि शरणबसवनं लीलाला आत बोलावून कापसाचा बोळा दाबून धरायला लावला. दोन मिनिटांत थांबायला हवं होतं. पाच झाली, दहा झाली. बोळा उचलला की लाल थेंब डोकावायचा.

बजाबाई बाहेरच्या बाकावर बसून बघत होती. बाईचा गळा चांगला. नातेपुत्याकडं लग्नाच्या जात्यावर ओव्या म्हणायला तिला बोलावून नेतात म्हणे. ती भिंतीकडे तोंड करून, कुणाला उद्देशून नाही असं दाखवत गुणगुणली,

"सावतर आईची माया, गोड गोड वरवर,
निळं गोंदण उठलं गं, माज्या नातीच्या अंगावर"

लीलाचा हात बोळ्यावर होता. तो तिनं हलवला नाही. खालमानेनंच ती म्हणाली,

"सावतर म्हणता गं, काय पाण्याला बोल लावू,
एका विहिरीचं पाणी, दोन पाटांनी लागे धावू"

"हितं लॅब हाय, जातं न्हाय," शरणबसव करवादला. पण त्यानं दोघींकडे एकेकदा नीट बघितलं.

बाराव्या मिनिटाला रक्त थांबलं.

आता माझी पाळी. सकाळीच शरणबसवनं माझी पूड पाण्यात विरघळवून मला तपासून घेतलं होतं, स्वतःच्या रक्तावर. तो रोज तसंच करतो. एकदा खरं बोललेल्याची साक्ष दुसऱ्या दिवशी तशीच धरायची नाही, हा त्याचा नेम. त्यानं ज्ञानदाचं रक्त यंत्रात हळू फिरवलं. वर पिवळसर, ढगाळ पाणी आलं. प्लेटलेट त्यातच तरंगत असतात. त्या पुरेशा आहेत ना, हेही मोजून घेतलं. मग ते पाणी काचेच्या नळीत, नळी उबदार खाचेत, एका अंगानं उजेड. गुठळ्या झाल्या की पाणी निवळतं, उजेड आरपार जातो आणि पडद्यावरची रेघ वर चढते. एवढंच ते यंत्र.

मी थेंबाथेंबानं आत उतरलो. हाक मारली. पुन्हा मारली.

रेघ हलली नाही. उन्हाळ्यातल्या सीना नदीच्या पात्रासारखी सपाट पडून राहिली.

"गुठळी न्हाय," शरणबसव पुटपुटला.

"म्हंजे काय?" बजाबाई उठून आली. तो सांगू लागला, की पोरीच्या रक्तात बांधणारा दोरा कमी दिसतोय, अशा मुलांना नुसता धक्का लागला तरी डाग उठतात. तिनं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बोट केलं.

"हे ह्या बाटलीनं सांगितलं? कसलं औषध हाय हे?"

शरणबसवला खोटं बोलता येत नाही. "जुनं हाय, अव्वा. माणसाला द्यायचं कधीच बंद झालंय. आता फकस्त तपासायला वापरत्यात."

"बंद पडलेलं औषध! आणि तू मेलेल्याची साक्ष काढतोस व्हय?" तिनं बाही वर केली. "घाल माज्या रक्तात. बासष्ट वर्षांची हाय, अजून दोन घागरी आणते. माज्यात गुठळी झाली तर मानते."

"नात्यातलं रक्त तुलनेला चालत न्हाय."

"मग कुणाचं चालतंय? हिचं?"

त्यानं नाइलाजानं तिचं रक्त घेतलं. मी पुन्हा उतरलो. या वेळी काहीतरी हललं. रेघ जराशी चढली, दमल्यासारखी थबकली आणि परत खाली बसली.

"बघा!" बजाबाईनं टाळी वाजवली. "मी धडधाकट, आणि माज्यातबी न्हाय. औषधच मेलंय तुमचं!"

शरणबसवचा चेहरा पडला. त्यानं मला उजेडाकडे धरलं, फिरवलं, हलवलं. मधे तासभर वीज गेली होती, तेव्हा मला विरघळवून ठेवलेला फ्रिजही बंद होता. त्याच्या डोळ्यांत मला माझ्याविषयीचा जुना संशय दिसला. तो फार वर्षांनी पुन्हा भेटला. आणि मित्रांनो, मीही घाबरलो. मी खरंच मेलो असेन तर? माझ्या मेलेपणामुळं एका निरोगी मुलीवर आजाराचा शिक्का बसेल. आणि मला टाकून दिलं, तर तिचा दाखला काढून तिला नातेपुत्याला नेतील. तिथं पुन्हा डाग उठतील, तेव्हा कुणाचं नाव घेतील?

शरणबसव सकाळसारखं स्वतःचंच रक्त काढायला बाही सारू लागला, तेवढ्यात लीला पुढं झाली. "माझं घ्या," ती म्हणाली.

"तिचं नको! ती कायतरी लबाडी करंल..."

"अव्वा, गप बस. रक्तात लबाडी करायला येत न्हाय कुणाला," शरणबसव म्हणाला. "आणि आता मला तुझ्याबी रक्ताचा संशय यायलाय."

बजाबाई एक पाऊल मागं सरली.

लीलाच्या रक्तात मी शेवटच्या आशेनं उतरलो. हाक पुरती मारलीही नव्हती, तोच कण कणाला बिलगले. पाणी निवळलं, रेघ सरसर वर चढली. मी जिवंत होतो! मला त्या खाचेत नाचावंसं वाटलं.

शरणबसव मात्र खूश झाला नाही. त्यानं अजून एक करायचं ठरवलं. लीलाचं रक्त त्यानं पुन्हा यंत्रात घालून जोरात फिरवलं, इतकं की सगळे कण तळाशी बसले आणि वर नुसतं स्वच्छ पाणी उरलं. त्यातले थोडे थेंब त्यानं ज्ञानदाच्या नळीत सोडले. मग मी.

तीच नळी. तेच मुलीचे कण, मघाशी माझ्या हाकेला न उठलेले. लीलाच्या पाण्यातला दोरा त्यांना मिळाला आणि ते एकमेकांकडे सरकले. आधी दोन, मग चार, मग सगळेच. रेघ चढत गेली.

शेजारचे माग खटखटत होते.

"पोरीचे कण चांगले हायत," शरणबसव हळू म्हणाला. "बांधणारा दोरा कमी हाय. तो रक्ताच्या पाण्यात असतो. आणि अव्वा, तुझ्यातबी तो कमी दिसतोय. हे आईकडनं लेकीला, लेकीकडनं नातीला येऊ शकतं. पक्कं सांगायला अजून तपासण्या लागतील, पुण्याला. डॉक्टर चिठ्ठी देतील."

"माज्या लेकीला?" बजाबाईनं विचारलं. तिची लेक बाळंतपणात गेली होती. रक्त थांबलं नव्हतं.

"तिची तपासणी मी केली न्हाय. न बघितलेलं मी सांगत न्हाय."

"मग... हिनं मारलं न्हाय?"

शरणबसवनं कागद पुढं केला. "हा कागद तसंबी सांगत न्हाय, अव्वा. हा एवढंच सांगतो, की न मारताबी हिच्या अंगावर डाग उठतात. पुढचं तुझं तू बघ."

मला त्याचा राग आला. एवढी साक्ष दिली, आता सरळ सांगून टाक ना! पण त्याचं बरोबर होतं. मी रक्ताची साक्ष देऊ शकतो, घराची नाही.

बजाबाई बाकावर जाऊन बसली. कागद तिला वाचता येत नव्हता. तरी तो तिनं गुडघ्यावर पसरला आणि त्यावरून हात फिरवत राहिली. ज्ञानदा तिच्याजवळ सरकली.

"आज्जे, तुलाबी डाग पडायचे?"

म्हातारीनं वर केलेली बाही हळूच खाली ओढली.

"पडायचे की. घागर काखेला लागली तरी निळं. डब्याचा काठ लागला तरी निळं. विहिरीवर बाया बघायच्या आणि म्हणायच्या, बजाचा मालक बजाला मारतो. मी किती सांगितलं. बोट लावलं न्हाय गं त्यानं मला कधी. पर कुणी ऐकंना. म्हणायच्या, दाल्ल्याला झाकती. माजा बाप त्याला भर चावडीवर नको नको ते बोलला. त्यानं खालमानेनं ऐकून घेतलं. तसाच गेला, मारका म्हणून."

ती लीलाकडे बघत नव्हती. लीला खालमानेनं थर्माकोलच्या डब्याची दोरी गुंडाळत होती. मग बजाबाईनं बघितलं.

"दाखला न्हाय काढत," ती म्हणाली. "पर म्हयन्याला येऊन बघून जाणार. हातावर हात धरून बसणार न्हाय मी."

"या की. म्हयन्याला कशाला, कधीबी या, आत्या," लीला म्हणाली. "आणि पुण्याला जाऊ तवा तुमीबी चला. तुमचंबी बघायला पायजे."

तिघी निघाल्या. बोळात उतरायला तीन पायऱ्या आहेत, उंच आणि झिजलेल्या. लीलानं म्हातारीला आधार द्यायला तिचा दंड धरला. बजाबाई झटकन मागं झाली.

"दंडाला धरू नगंस! उद्या डाग उठला तर गाव म्हणंल, लीलानं म्हातारीलाबी हाणलं."

ज्ञानदा खिदळली. लीलाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिनं दंड सोडला आणि नुसता तळहात उताणा पुढं धरला. म्हातारीनं त्यावर हात ठेवला आणि एकेक पायरी उतरली.

मित्रांनो, कुणाच्या अंगावर डाग दिसला तर गप्प बसू नका. विचारा. मोठ्यांना सांगा. मारणारी माणसंही जगात असतात आणि त्यांना झाकू नये. पण विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा. मी थांबलो नव्हतो. रक्त बघायच्या आधीच माझा निकाल लागला होता, आणि तो चुकला. आणि जपायचं म्हणाल, तर बर्फातली ती नळी आठवा आणि ज्याला जपायचं त्याला काय सोसतं, हे आधी विचारून घ्या.

बजाबाईचा मालक खालमानेनं गेला. त्याच्या वेळी सोलापुरात अशी लॅब नव्हती, शरणबसव नव्हता, आणि मी कुठल्यातरी परदेशी कपाटात पडून होतो. पण त्याची साक्ष द्यायला त्याची बायको होती. ती रोज विहिरीवर उभी राहून खरं तेच सांगत होती. तिचं तेवढं कुणी ऐकून घेतलं असतं, तर माझ्यासारख्या बाद औषधाची काही गरज पडली नसती.